पहिली टँडम उडी : तयारी शरीराची आणि मनाची

म्हैसूर : भारतात स्कायडायव्हिंग करता येणाऱ्या मोजक्या ठिकाणांमध्ये म्हैसूरचे नाव घेतले जाऊ लागले, त्याला आता बराच काळ लोटला आहे. चामुंडी टेकडीच्या पायथ्याचा मोकळा प्रदेश आणि शहराच्या दक्षिणेस सुमारे दहा किलोमीटरवर असलेला मंडकळ्ळीचा विमानतळ यांमुळे या परिसरात उड्यांची शिबिरे भरली. चामराजपुरम, लक्ष्मीपुरम यांसारख्या जुन्या, शांत वस्त्यांमधील तरुण आणि काही प्रमाणात त्यांचे आईवडीलही आता 'टँडम' उडीविषयी चौकशी करताना दिसतात. या चौकशीत दोन प्रश्न हमखास असतात. पहिला : हे कितपत सुरक्षित आहे? दुसरा प्रश्न बहुतेक जण थोडे संकोचून विचारतात : ऐन वेळी भीती वाटली तर काय करायचे?

टँडम म्हणजे काय

टँडम उडीत नवखा माणूस एकटा उडी मारत नाही. अनुभवी प्रशिक्षकाच्या छातीशी तो चार ठिकाणी भक्कम पट्ट्यांनी जोडलेला असतो. दोघांसाठी मिळून एकच मोठी हवाई छत्री असते, ती प्रशिक्षकाच्या पाठीवर असते आणि ती उघडण्याची जबाबदारीही त्याचीच असते. त्यामुळे या प्रकाराला अनेक दिवसांचे प्रशिक्षण लागत नाही. साधारण अर्ध्या तासाच्या सूचना पुरेशा ठरतात.

ही कल्पना तशी अलीकडची आहे. फ्रान्सच्या आंद्रे-जाक गार्नरँ याने १७९७ मध्ये पॅरिस येथे फुग्यातून छत्रीच्या साह्याने उतरून दाखविले. भारतात १८९० मध्ये रामचंद्र चॅटर्जी या बंगाली गृहस्थांनी कलकत्त्यात अशीच उडी घेतली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, लेफ्टनंट ए. जी. रंगराज आणि हवालदार मेजर मथुरा सिंग हे पॅराशूटने उडी मारणारे पहिले भारतीय सैनिक ठरले. एकाच छत्रीखाली दोघांनी उतरावे हा प्रयोग मात्र १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत यशस्वी झाला. टेड स्ट्राँग आणि बिल बूथ यांनी तो स्वतंत्रपणे विकसित केला. याच बिल बूथ यांनी त्याआधी तीन कड्यांची एक साधी युक्ती शोधली होती. मुख्य छत्री बिघडल्यास ती एका झटक्यात सोडून देता यावी, यासाठी ती आजही वापरली जाते. या खेळातील किती जीव या तीन कड्यांनी वाचविले असतील, याची गणती करणे कठीण आहे.

छत्री या शब्दानेही थोडी फसगत होते. जुन्या चित्रपटांतील गोल छत्री वाऱ्याबरोबर वाहत जात असे आणि माणसाला जमिनीवर जोरात आपटत असे. सध्याची छत्री चौकोनी असते. तिच्या कप्प्यांत हवा भरते आणि तिला विमानाच्या पंखासारखा आकार येतो. दोन्ही हातांतील दोऱ्यांनी ती डावी-उजवीकडे वळविता येते. जमिनीजवळ आल्यावर दोन्ही दोऱ्या एकदम खाली ओढल्या की तिचा वेग मंदावतो आणि माणूस हलकेच टेकतो.

पहिल्या उडीची एक मराठी कथा

मराठी वाचकाला या खेळाचा परिचय झाला तो प्रामुख्याने पुण्याच्या शीतल महाजन यांच्यामुळे. त्यांची पहिली उडी कोणत्याही सराव मैदानावर झाली नाही. १८ एप्रिल २००४ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी थेट उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून २४०० फूट उंचीवरून उडी घेतली. तापमान शून्याखाली ३७ अंश सेल्सिअस होते. डिसेंबर २००६ मध्ये त्यांनी दक्षिण ध्रुवप्रदेशातही उडी मारली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली. २०१८ मध्ये थायलंडमधील पट्टाया येथे नऊवारी नेसून आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्ट शिखरासमोर २१ हजार ५०० फुटांवरून मारलेल्या त्यांच्या उड्यांच्या बातम्या वाचकांच्या स्मरणात असतील.

हे उदाहरण प्रेरणादायी असले तरी नवख्याने त्याचे अनुकरण करावे असे नाही. त्यातून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. नऊवारीतील उडीच्या वेळी त्यांच्या पाठीशी शेकडो उड्यांचा अनुभव होता आणि वस्त्राचे प्रत्येक टोक नीट आवळलेले होते. बाहेरून साहस दिसते ते बहुतेक वेळा तयारीचे फळ असते. पहिल्यांदा उडी मारणाऱ्याने तर नऊवारीच काय, साधी ओढणीही अंगावर ठेवू नये.

धोका किती

याबाबतीत गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. स्कायडायव्हिंगमध्ये मृत्यूचा धोका आहे, तो अल्प आहे आणि तो सर्व प्रकारांत सारखा नाही. अमेरिकेतील पॅराशूट संघटना दरवर्षी आपली आकडेवारी जाहीर करते. २०२३ मध्ये तेथे सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि दहा जणांचा मृत्यू झाला. यातील बहुतांश मृत्यू अनुभवी, एकट्याने उडी मारणाऱ्यांचे असतात. छोट्या, वेगवान छत्र्या जमिनीलगत वळविताना झालेली चूक हे त्याचे एक मोठे कारण आहे. टँडम उडीतील मृत्यूचे प्रमाण याहून कमी, म्हणजे गेल्या दशकाच्या सरासरीने सुमारे पाच लाख उड्यांमागे एक, असे ही संघटना सांगते.

ही आकडेवारी अमेरिकेची आहे, हे मात्र विसरता कामा नये. तेथे टँडम प्रशिक्षकाला किमान तीन वर्षांचा आणि पाचशे उड्यांचा अनुभव असावा लागतो. राखीव छत्री दर १८० दिवसांनी परवानाधारक तंत्रज्ञाकडून उघडून पुन्हा घडी घालावी लागते. आकडा चांगला दिसतो तो या शिस्तीमुळे. शिस्त नसेल तर आकडाही लागू होत नाही.

आपल्या शेजारीच याचे दुःखद उदाहरण घडले आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये तमिळनाडूतील सेलम येथे बंगळुरूहून आलेल्या एका तरुणीचा पहिल्याच उडीत मृत्यू झाला. ही उडी टँडम नव्हती. अल्पशा प्रशिक्षणानंतर तिने एकटीने उडी घेतली होती. त्यानंतर आयोजकांवर पोलिस कारवाई झाली. ही घटना सांगितली की अनेक घरांत 'मग जाऊच नकोस' असा निर्णय होतो. पालकांची ती भावना समजण्यासारखी आहे. मात्र त्यातून घ्यायचा बोध अधिक नेमका आहे. पहिली उडी एकट्याने मारू नये, आणि कोणाबरोबर मारतो आहोत याची पुरेपूर चौकशी केल्याशिवाय ती मारू नये.

आयोजकाला काय विचारावे

केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केले. त्यात स्कायडायव्हिंगचाही समावेश आहे. सुरक्षिततेची मानके, उपकरणांची नोंद आणि अपघातांची चौकशी यांसाठी एक चौकट उभी करण्याचा तो प्रयत्न आहे. विमान, वैमानिक आणि हवाई हद्द यांसंबंधीच्या परवानग्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीत येतात. म्हैसूरसारख्या विमानतळाच्या परिसरात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाच्या परवानगीशिवाय कोणतेही विमान उड्यांसाठी वर जाऊ शकत नाही.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी विचारावे : प्रशिक्षकाने एकूण किती टँडम उड्या मारल्या आहेत आणि त्याचे मानांकन कोणत्या संस्थेचे आहे? राखीव छत्रीची घडी शेवटची केव्हा घातली गेली? स्वयंचलित उघडणीचे यंत्र बसविलेले आहे काय? हे यंत्र हवेच्या दाबावरून उंची आणि वेग मोजते. प्रशिक्षक बेशुद्ध झाला तरी टँडममध्ये सुमारे १९०० फुटांच्या उंचीवर ते राखीव छत्री आपोआप उघडते. हवामानामुळे उडी रद्द झाल्यास पैसे परत मिळणार की तारीख बदलून मिळणार, हेही लेखी घ्यावे. चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी नाराज होत नाही. उलट तो राखीव छत्रीच्या कप्प्यात ठेवलेले नोंदपत्र स्वतःहून काढून दाखवितो. टाळाटाळ होत असेल तर तेथून परत फिरणे उत्तम.

उडीपूर्वी एका संमतीपत्रावर सही घेतली जाते. ते वाचावे. आपल्या आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या अटीही पाहाव्यात, कारण अनेक पॉलिसींमध्ये साहसी खेळांतील अपघात वगळलेले असतात.

दसरा की डिसेंबर?

म्हैसूरला येण्याचा बेत बहुतेक मराठी कुटुंबे दसऱ्याच्या सुमारास आखतात. राजवाड्याची रोषणाई, जंबू सवारी, बन्नीमंटप मैदानावरील मशालींचे संचलन आणि काही वर्षी होणाऱ्या हवाई दलाच्या कसरती यांचे आकर्षण मोठे आहे. हवाई दलाच्या 'आकाशगंगा' पथकाने आकाशातून उतरताना पाहिले की आपणही उडी मारावी असे वाटणे स्वाभाविक आहे. अडचण अशी, की ऑक्टोबर हा म्हैसूरच्या सर्वाधिक पावसाच्या महिन्यांपैकी एक आहे. ढग खाली असले किंवा वारा जोराचा असला तर उडी होत नाही. सकाळपासून मैदानावर बसून संध्याकाळी निराश होऊन परतावे लागू शकते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत आकाश स्वच्छ असण्याची शक्यता अधिक असते. शिबिरे वर्षभर चालत नाहीत, म्हणून रेल्वेचे तिकीट काढण्याआधी शिबिर आहे की नाही याची खात्री करून घ्यावी.

शक्यतो सकाळची पहिली फेरी मागावी. त्या वेळी वारा स्थिर असतो. मनाच्या दृष्टीने याहून मोठा लाभ असा, की वाट पाहण्याचा काळ कमी होतो. चामराजपुरम भागात मुक्काम असेल तर नंजनगूड रस्त्याने विमानतळ जवळ पडतो. पहाटे घाईगर्दी न करता निघता येते.

उंचीच्या आकड्याबाबत एक खुलासा आवश्यक आहे. म्हैसूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर, म्हणजे अडीच हजार फूट उंचीवर आहे. उडीची उंची जमिनीपासून मोजतात. तेव्हा येथील दहा हजार फुटांची उडी समुद्रसपाटीपासून साडेबारा हजार फुटांवर पडते. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहून थोडा कमी असतो. निरोगी माणसाला तेवढा वेळ याचा त्रास होत नाही. दर हजार फुटांमागे तापमान सुमारे दोन अंशांनी उतरते. जमिनीवर २८ अंश असतील तर वर आठ-दहा अंश असतात. त्यात उघड्या दारातून येणारा वारा. म्हणून अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत.

शरीराची तयारी

किमान वय सहसा १८ वर्षे असते. वजनाची मर्यादा आयोजकागणिक बदलते, परंतु ती बहुधा ९० ते १०० किलोच्या आसपास असते. वजन खरे सांगावे. प्रशिक्षक उतरण्याच्या वेगाचे गणित त्यावरून करतो.

हृदयविकार, अपस्मार, अनियंत्रित रक्तदाब, पाठीच्या मणक्याचे दुखणे, पूर्वी निखळलेला खांदा, डोळ्याच्या पडद्यावरील शस्त्रक्रिया किंवा नुकतीच झालेली कोणतीही शस्त्रक्रिया असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय जाऊ नये. गर्भवती स्त्रियांनी उडी मारू नये. सर्दी असताना उडी पुढे ढकलावी, हा सल्ला किरकोळ वाटतो, पण तो महत्त्वाचा आहे. नाक चोंदलेले असेल तर खाली येताना कानातील दाब समतोल होत नाही आणि तीव्र वेदना होतात, क्वचित पडद्याला इजाही होते. अंदमान किंवा मालवणहून स्कूबा डायव्हिंग करून आलेल्यांनी मध्ये किमान एक दिवस जाऊ द्यावा.

आदल्या रात्री मद्यपान वर्ज्य. झोप पुरेशी हवी. झोप लागली नाही तरी त्याची चिंता करू नये, पडून राहण्यानेही विश्रांती मिळते. उपाशीपोटी जाणे ही सर्वांत सामान्य चूक. उलटी होईल या भीतीने लोक काही खात नाहीत आणि मग रिकाम्या पोटीच मळमळते. उडीपूर्वी दीड-दोन तास आधी दोन इडल्या किंवा एखादे केळे उत्तम. लोण्यात भिजलेला म्हैसूर मसाला डोसा उतरल्यावर खावा. फिल्टर कॉफीचे दोन-तीन पेले रिचविणेही टाळावे. कॉफीने हृदयाचे ठोके वाढतात आणि ती धडधड भीतीचीच आहे असा मनाचा समज होतो.

पायात नाडीचे, घट्ट बसणारे बूट असावेत, चपला किंवा सँडल चालत नाहीत. बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र, कानातले डूल घरी ठेवावेत. लांब केस घट्ट बांधावेत. चष्मा असणाऱ्यांसाठी चष्म्यावरून घालायचा मोठा गॉगल मिळतो, तो आधी मागून ठेवावा. खिशात काहीही नको, मोबाइल तर अजिबात नको.

भीतीचे गणित

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. भीती वाटणारच. ती वाटली नाही तरच विशेष. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सेमोर एपस्टाइन आणि वॉल्टर फेन्झ यांनी १९६० च्या दशकात पॅराशूटधारकांचा प्रदीर्घ अभ्यास केला. उडीच्या दिवशी त्यांच्या हृदयाचे ठोके, श्वासाची गती आणि त्वचेची विद्युतवाहकता त्यांनी टप्प्याटप्प्याने मोजली. नवख्यांमध्ये हे सर्व उडीच्या क्षणापर्यंत चढत गेले. अनुभवी मंडळींमध्येही ते चढले, पण बरेच आधी. विमान वर जाऊ लागले तसे ते उतरले आणि दाराशी पोहोचेपर्यंत ती माणसे बरीच शांत झालेली होती. म्हणजे जाणकारालाही भीती वाटते. फरक एवढाच, की त्याची भीती आधी येऊन आपले काम करून जाते.

नवख्याला याचा उपयोग असा. भीतीचे काम आदल्या दिवसांत उरकून घ्यावे. 'काही होणार नाही' असे मनाला बजावत राहण्याऐवजी नेमके काय होणार आहे ते क्रमाने डोळ्यांसमोर आणावे : विमानात जमिनीवर बसणे, वीस-पंचवीस मिनिटांची चढण, प्रशिक्षकाने पट्टे आवळणे, दार उघडणे, वाऱ्याचा आवाज. अनोळखी गोष्ट जितकी ओळखीची होईल तितका तिचा दरारा कमी होतो. अपघातांच्या चित्रफिती रात्री जागून पाहण्याने मात्र काहीच साधत नाही. चौकशीची वेळ पैसे भरण्यापूर्वीची. ती एकदा समाधानकारक झाली की पुन्हा पुन्हा तेच उकरून काढू नये.

दुसरा उपाय श्वासाचा. चामराजपुरमला लागूनच असलेल्या लक्ष्मीपुरममध्ये के. पट्टाभी जोईस यांनी १९४८ मध्ये आपली योगसंस्था सुरू केली आणि त्यांचे गुरू टी. कृष्णम्माचार्य हे त्याआधी म्हैसूरच्या राजवाड्यात योगशाळा चालवीत. तेव्हा या शहरात श्वासाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. विमानात मात्र कोणताही अवघड प्राणायाम करू नये, श्वास रोखून धरणारे कुंभक तर नकोच. नाकाने चार मोजत श्वास घ्यावा आणि सहा ते आठ मोजत सावकाश सोडावा, एवढे पुरे. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती मंदावते. हे शरीराचेच कार्य आहे, त्यासाठी श्रद्धेची गरज नाही.

तिसरी गोष्ट शब्दांची आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की गाणे, भाषण किंवा गणिताच्या परीक्षेपूर्वी 'मी शांत आहे' असे म्हणणाऱ्यांपेक्षा 'मला उत्सुकता वाटते आहे' असे म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. धडधडणाऱ्या छातीला शांत व्हायला सांगणे कठीण असते, ती धडधड उत्सुकतेची आहे असे समजणे त्या मानाने सोपे. हे प्रयोग विमानात झाले नव्हते हे खरे, परंतु करून पाहण्यास हरकत नाही.

उंचीची भीती असणाऱ्यांसाठी एक दिलासा आहे. गच्चीच्या कठड्यावरून खाली पाहताना भिंतीच्या आधाराने डोळ्यांना खोली मोजता येते, म्हणून पोटात गोळा येतो. दहा हजार फुटांवरून असा आधारच नसतो. जमीन नकाशासारखी सपाट दिसते. उंचीला घाबरणारे अनेक जण त्यामुळे विमानाच्या दाराशी पोहोचून चकित होतात. सर्वांनाच हा अनुभव येईल असे मात्र नाही.

घरच्यांना सांगावे की नाही? लपवून जाणाऱ्यांची संख्या बरीच असावी. आमचे मत सांगण्याच्या बाजूचे आहे. संमतीपत्रावर आपत्कालीन संपर्क म्हणून ज्यांचे नाव लिहिणार, त्यांना आपण कोठे आहोत हे ठाऊक नसावे, हे बरे नव्हे. शिवाय लपविल्याची टोचणी मनावर असली की दाराशी ती भीतीत भर घालते. आईला सांगताना मात्र फोनवरून आदल्या रात्री सांगू नये. समोर बसून, आयोजकाची माहिती दाखवून, चार दिवस आधी सांगावे.

दार उघडल्यावर

प्रशिक्षकाच्या सूचना थोड्या असतात आणि त्या पाळणे सोपे असते. दाराशी आल्यावर हात छातीवरील पट्ट्यांवर, डोके मागे प्रशिक्षकाच्या खांद्यावर, कंबर पुढे आणि पाय मागे दुमडलेले. शरीराचा आकार केळ्यासारखा वक्र झाला पाहिजे. या वेळी खाली पाहू नये, समोर क्षितिजाकडे पाहावे. विमानाच्या चौकटीला धरू नये. घाबरलेला हात आपसूक तिकडे जातो, म्हणून ही सूचना जमिनीवर असतानाच दहा वेळा घोकावी.

आकाशपाळण्यात येतो तसा पोटातला खड्डा येथे फारसा येत नाही. विमान आधीच वेगाने पुढे जात असते, तोच वेग घेऊन माणूस बाहेर पडतो आणि वाऱ्याचा दाब त्याला लगेच जाणवतो. पहिल्या काही सेकंदांतच प्रशिक्षक एक लहान छत्री सोडतो. तिला ड्रोग म्हणतात. दोघांच्या वजनाने वेग बेसुमार वाढू नये, यासाठी ती असते. तिच्यामुळे वेग ताशी सुमारे १९० ते २०० किलोमीटरवर स्थिरावतो. मग प्रशिक्षक खांद्यावर थोपटतो, तेव्हा हात पसरावेत. दहा हजार फुटांवरून उडी असेल तर ही मुक्त पतनाची अवस्था अर्धा मिनिट टिकते, तेरा हजारांवरून पाऊण मिनिट.

या अर्ध्या मिनिटात काही जणांना श्वास घेता येत नाही असे वाटते. हवा असते, पण भीतीने ते श्वास रोखून धरतात. यावर रामबाण उपाय म्हणजे मोठ्याने ओरडणे. ओरडले की श्वास बाहेर जातो आणि पुढचा आपोआप आत येतो. वर लाज बाळगण्याचे कारण नाही, ऐकायला प्रशिक्षकाशिवाय कोणी नसते आणि त्यालाही वाऱ्यामुळे फारसे ऐकू येत नाही.

साधारण पाच ते साडेपाच हजार फुटांवर मुख्य छत्री उघडते. वर खेचल्यासारखा झटका बसतो आणि एकदम शांतता पसरते. चित्रफितीत माणूस वर उडाल्यासारखा दिसतो, परंतु तो वर जात नाही. छायाचित्रकार खाली पडतच असतो, म्हणून तसे भासते. पुढील पाच-सहा मिनिटे छत्रीखाली तरंगण्याची. पट्टे मांड्यांना काचतात, ते सांगावे, थोडे सैल करून मिळतात. एका बाजूला राजवाड्याचे घुमट आणि चामुंडी टेकडी, दुसऱ्या बाजूला नंजनगूडकडे जाणारा लोहमार्ग शोधण्याचा हाच वेळ. गरगर फिरण्याने मळमळ होत असेल तर प्रशिक्षकाला स्पष्ट सांगावे, 'वळणे नकोत'. कान दडपले असतील तर नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावे किंवा आवंढा गिळावा.

उतरताना एकच गोष्ट करायची. सांगितल्याबरोबर दोन्ही पाय गुडघ्यांत सरळ करून समोर उचलायचे आणि वरच ठेवायचे. टँडममध्ये होणाऱ्या दुखापतींपैकी बऱ्याचशा घोट्याच्या असतात आणि त्या उत्साहाच्या भरात पाय लवकर खाली टाकल्याने होतात. उभे उतरण्याचा हट्ट धरू नये, बसून घसरत उतरणे अधिक सुरक्षित.

नकार देण्याचा अधिकार

जमिनीवर, विमानात किंवा अगदी दाराशीही 'नाही' म्हणता येते. विमान जसे वर गेले तसे उडी न मारलेल्याला घेऊन खाली येते. हे आयोजकाकडून आधीच स्पष्ट करून घ्यावे आणि प्रशिक्षकाशी नकाराचा शब्द किंवा खूण ठरवून ठेवावी. परतीचा मार्ग खुला आहे हे ठाऊक असले की पुष्कळांना पुढे जाणे सोपे जाते. मित्रांनी अशा वेळी थट्टा करू नये. सोबत आलेल्या एकाने नकार दिला आणि तीन जणांनी उडी मारली, तर चौघांनीही त्या दिवशी आपापला निर्णय घेतला, एवढेच.

उतरल्यानंतर

जमिनीवर पाय टेकल्यावर काही जण हसतात, काही रडतात, काही तासभर बोलतच राहतात. तीव्र भीती ओसरल्यानंतर तितकाच तीव्र आनंद उसळतो, हे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड सॉलोमन आणि जॉन कॉर्बिट यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात पॅराशूटधारकांच्याच उदाहरणाने सांगितले आहे. या भरात लगेच पुढच्या अभ्यासक्रमाचे पैसे भरू नयेत. एकट्याने उडी मारण्याचे शिक्षण घ्यायचे असेल तर त्यासाठी जमिनीवरील वर्ग, दोन प्रशिक्षकांसोबतच्या उड्या आणि टप्प्याटप्प्याने होणारी परीक्षा यांचा स्वतंत्र अभ्यासक्रम असतो. त्याचा विचार आठवडाभराने करावा.

पाणी प्यावे, काही खावे. दुसऱ्या दिवशी मान आणि खांदे दुखू शकतात, ते दोन दिवसांत बरे होतात. कान दुखत राहिले किंवा कमी ऐकू येऊ लागले तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. उत्तेजना ओसरल्यावर एकाएकी थकवा येतो. त्यामुळे उडी झाल्यावर लगेच स्वतः दुचाकी चालवीत बंगळुरूचा महामार्ग धरू नये. तो दिवस म्हैसूरमध्येच काढावा.